विषय क्रमांक सात : गुरुप्रसादची गाडी

आमच्या खालच्यावाडीत कोणी कोणती मोटारसायकल घ्यावी, हा ज्याच्या त्याच्या खुशीचा प्रश्न आहे. हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेलं बरं, कारण पुढचा वृत्तान्त वाचून काहींचा गैरसमज होण्याचा संभव आहे. मी वाडीच्या विकास मंडळाचा चिटणीस. तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. एकोणीस वर्षं वाडीच्या बैठकांचं इतिवृत्त माझ्या हातचं आहे. या एकोणीस वर्षांत माझ्या वहीत खाडाखोड झालेली नाही, आणि ती व्हावी असं कोणी मला सुचवूही नये.

गेल्या वर्षी शिमग्यानंतरची वार्षिक बैठक रिवाजाप्रमाणे सहाणेवर, म्हणजे पालखी टेकते त्या चौथऱ्यावर, झाली. नळपाण्यापासून स्मशानाच्या पत्र्यापर्यंत सहा विषय संपले. सातवा विषय 'आयत्या वेळचे'. त्यात सहसा कोणी काही मांडत नाही, कारण तोवर चहा आलेला असतो. पण त्या दिवशी गुरुप्रसाद उभा राहिला. हा मुलगा नऊ वर्षं जहाजावर इंजिनखान्यात होता. आता मिरकरवाड्याला मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आणि संध्याकाळी वाडीत परत येतो. स्वभावाने गरीब. थोरामोठ्यांचा मान राखणारा.

"तात्या," तो आमच्या अध्यक्षांना, भागोजीतात्यांना म्हणाला, "दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक जुनी, लाल. रत्नागिरीतल्या दातांच्या डॉक्टरांची. दुसरी नवी, निळी. कोल्हापूरच्या शोरूमात हाय. दोन्ही रेसिंगच्या. तुमास्नी काय वाटतंय, कुठची घेऊ?"

असं विचारायची आमच्याकडे रीत आहे. विहिरीची जागा ठरली, पोरीचं स्थळ ठरलं, की मग आपण वडीलधाऱ्यांना विचारतो. ते म्हणतात, "बघ बाबा तुला बरा वाटंल तसा." त्यांचा मान राहतो आणि माणूस मनातलं करायला मोकळा होतो. पण ही रीत घरच्या ओटीवर बसून पाळायची. गुरुप्रसादने प्रश्न बैठकीत विचारला आणि मी तो लिहून घेतला.

"अण्णा, ता लिवू नका," तो घाईने म्हणाला. "मी आपला सहज इचारला."

मी त्याला नियम समजावून सांगितला. मंडळाच्या घटनेत विषय मांडण्याची तरतूद आहे, मागे घेण्याची नाही. शिवाय वाडीतली सगळी वाहनं सहाणेसमोर लागतात, कारण तिथून पुढे जांभ्याची चौसष्ट पायऱ्यांची पाखाडी आहे. म्हणजे ती गाडी उभी राहणार सार्वजनिक जागेत, रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. जी वस्तू रोज बघायची, ती कशी असावी याबद्दल बघणाऱ्यांना विचारणं क्रमप्राप्त होतं.

भागोजीतात्यांनी क्षणाचाही विलंब न लावता निर्णय दिला. "जुनीच घे. जुना लोखांड लोखांड असतो."

विषय तिथेच संपायचा, पण पंपाच्या दुरुस्तीहून मोठ्या कोणत्याही ठरावाला मुंबई शाखेची संमती लागते. ही शाखा महिन्याच्या दुसऱ्या रविवारी विरारला एका शाळेच्या वर्गात भरते. तिचा चिटणीस ओमकार. ओमकारकडे वाहन नाही, परवाना नाही, पण मोटारसायकलींचे व्हिडिओ तो नित्यनेमाने पाहतो. वर्गातल्या छोट्या बाकावर गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेला ओमकार व्हिडिओ कॉलवर दिसला आणि त्याने मुंबईचा विरोध नोंदवला.

"तात्या, जुन्या गाडीला एबीएस नाही. ट्रॅक्शन कंट्रोल नाही. घसरली की विषय संपला. नवीला पावसाचा वेगळा मोड आहे. बटण दाबलं की गाडी पावसाळी होते."

"आमच्याकडचा पाऊस तिना बघितलान हाय काय कधी?" तात्यांनी विचारलं.

"मला इचाराल तर..." गुरुप्रसाद मध्येच म्हणाला.

त्या वेळी अध्यक्ष आणि मुंबई शाखा यांच्यात चर्चा चालू होती. वहीत मी 'अर्जदाराचे अवांतर' असं लिहिलं आणि पुढे गेलो.

दोन शाखांत मतभेद झाल्यास काय करायचं, हे घटनेत दिलं आहे. उपसमिती नेमायची. त्याप्रमाणे 'जुनी व नवी वेगवान मोटारसायकल तौलनिक अभ्यास उपसमिती' स्थापन झाली. तिच्यात महिला प्रतिनिधी हवी म्हणून गोदाकाकींना घेतलं. वाडीतल्या एकाही मोटारसायकलवर न बसलेल्या अशा त्या एकट्याच होत्या, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपणाबद्दल कोणाला शंका नव्हती.

गोदाकाकींनी पहिल्याच सभेत मुद्द्याला हात घातला. "ह्या गाडीवर भाताचा पोता कुटं ठेवायचा?"

गुरुप्रसाद म्हणाला की ही गाडी त्या कामाची नाही.

"मग गॅसची टाकी?"

"नाय, काकी."

"आनि बायमानसान साडी नेसून बसायचा कसा? मागची बैठक बघितलास? माजा पाट तिच्याहून मोठा हाय."

यावरून उपसमितीने एकवीस कसोट्या तयार केल्या. भाताचं पोतं, गॅसची टाकी, आंब्याच्या दोन पेट्या, साडीतली बाई, ताप आलेलं मूल, स्टेशनवरून येणारा चाकरमानी बॅगेसह, वगैरे. एकविसावी कसोटी वेग. या कसोट्यांवर लाल गाडीला एक गुण मिळाला आणि निळीलाही एक. दोन्ही गाड्या वेगात उत्तीर्ण झाल्या होत्या. अहवालाच्या शेवटी उपसमितीने आपणहून शिफारस केली की, कसोट्यांचा एकत्रित विचार करता तीनचाकी टेम्पो सर्वात योग्य ठरेल. ही शिफारस विषयाच्या कक्षेबाहेर असल्याने मी ती परिशिष्टात टाकली. गोदाकाकी त्यानंतर आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

आता प्रामाणिकपणे सांगतो, त्या काळात माझा स्वतःचा कल निळीकडे होता. कारण तांत्रिक आहे. गुरुप्रसादनेच एकदा समजावून सांगितलं होतं की लाल गाडीची मूठ पिळली की तार थेट इंजिनपर्यंत खेचली जाते आणि गाडी सुटते. निळीची मूठ पिळली की ती फक्त विनंती असते. मधला कॉम्प्युटर चाकं बघतो, कल बघतो, विनंती तपासतो, आणि योग्य वाटलं तर मंजूर करतो. चालवणाऱ्याच्या मनाला येईल ते होऊ न देणारी एखादी व्यवस्था मोटारसायकलीतही असू शकते, हे ऐकून मला फार बरं वाटलं. आमचं मंडळ असंच चालतं.

कागदावर बरोबरी झाल्याने प्रत्यक्ष चाचणी घेणं आलं. कोल्हापूरचं शोरूम गाडी वाडीत पाठवायला तयार होईना. दातांचे डॉक्टर मात्र तयार झाले. डॉक्टर केतन मोहिते हा पंचेचाळिशीचा सज्जन गृहस्थ. लग्नाआधी हौसेने घेतलेली ती लाल गाडी पाच-सहा वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. घरात तिच्याकडे कोणी बघत नव्हतं, आणि पत्नीला त्या जागेत झोपाळा बांधायचा होता, म्हणून ते ती विकत होते. एका रविवारी ते गाडी घेऊन सहाणेवर आले. आवाज आधी आला, डॉक्टर नंतर.

अध्यक्ष या नात्याने भागोजीतात्या मागच्या बैठकीवर बसले. वय अडुसष्ट. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटखाली टोपी. गुरुप्रसादने पट्टी बांधून दिली. वाडीपासून पालीला एसटीने चाळीस मिनिटं लागतात. तात्या पालीला जाऊन, तिथे पाच मिनिटं उभे राहून, सदतीस मिनिटांत परत आले. त्यानंतर सुमारे दोन तास ते हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहिले. मी वही उघडून त्यांच्यासमोर बसून होतो. शेवटी ते म्हणाले, "बेस हाय." आणि थोड्या वेळाने, "येका खेपंत काय कळत नाय. परत बघायला लागंल."

वाडीत त्रेचाळीस उंबरे. अध्यक्षांनी एकट्याने चाचणी घेतली तर उद्या पक्षपाताचा आरोप होईल, म्हणून घरटी एक फेरी असा ठराव झाला. डॉक्टर दर रविवारी येऊ लागले. सकाळी घावणे, दुपारी कोंबडी, मध्ये चार-पाच घरांच्या चाचण्या. गोदाकाकींनी प्रथम साफ नकार दिला. मग त्या पिशवी घेऊन बसल्या, पालीहून सुकट घेऊन आल्या, आणि भात-गॅसच्या कसोट्या फार कडक झाल्याचं त्यांनी स्वतःहून कबूल केलं. अंबाड्यामुळे हेल्मेट बसत नव्हतं, तर त्यांनी अंबाडा सोडला. वाडीत त्यांचे मोकळे केस यापूर्वी कोणी पाहिले नव्हते.

या साऱ्या चाचण्यांत गुरुप्रसादला बसता आलं नाही. त्याच्या घराची फेरी त्याच्या वडिलांनी केली, आणि तो स्वतः अर्जदार असल्याने त्याच्या मताला हितसंबंधाची बाधा येत होती. गाडी ज्याला घ्यायची आहे त्यानेच ती चालवून बरी-वाईट ठरवली, तर उपसमितीला अर्थ काय उरतो? हे मी त्याला समजावलं. तो "व्हय अण्णा" म्हणाला आणि पुढच्या माणसाची पट्टी बांधू लागला. त्याने एकूण त्रेचाळीस वेळा ती पट्टी बांधली आणि सोडली. एकदा गाडी उभी असताना त्याला तिच्या टाकीवर हात ठेवून उभं राहिलेलं मी पाहिलं. पण तेव्हा बैठक चालू नव्हती, म्हणून त्याची नोंद नाही.

अंतिम अहवाल दिवाळीनंतर आला. त्रेचाळीस विरुद्ध शून्य, लाल गाडीच्या बाजूने. मुंबईने हा अहवाल फेटाळला, कारण मुंबईकरांच्या फेऱ्या झाल्या नव्हत्या. त्या फेऱ्या येत्या शिमग्याला घेऊ असं ठरत होतं, तोच डॉक्टरांनी सहाणेवर येऊन हात जोडले.

"मला माफ करा," ते म्हणाले. "मी गाडी विकत नाही. पाच वर्षं तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. इथे त्रेचाळीस माणसांनी तिचं कौतुक केलं. मी आता रोज ती पुसतो. मला कळलं की मला ती अजून आवडते."

सगळ्यांना आनंद झाला. अभिनंदनाचा ठराव एकमताने मंजूर झाला. तात्यांनी डॉक्टरांना नारळ दिला. गुरुप्रसादनेही टाळ्या वाजवल्या, असं माझ्या वहीत आहे.

आता एकच गाडी उरली आणि विषय आपोआप निकाली निघेल असं मला वाटलं. मी तसा मसुदाही केला. पण शोरूमला कळवायला गेल्यावर उत्तर आलं की ते निळं मॉडेल आता बंद झालं, त्याच्या पुढचं आलं आहे. जुन्यातली एक गाडी शिल्लक आहे, हवी तर तीही मिळेल. म्हणजे जी गाडी आम्ही आठ महिने नवी म्हणून अभ्यासत होतो, ती जुनी झाली होती, आणि तिच्यापुढे एक नवी नवी उभी होती. प्रश्न मूळ स्वरूपात परत आला. ओमकारने नव्या नव्यासाठी आग्रह धरला. तात्या तत्त्वाचे पक्के, त्यांनी जुन्या नव्याला पाठिंबा दिला. मी उपसमितीला मुदतवाढ दिली.

या मे महिन्यात, मुंबईची मंडळी आंब्याला आली असताना, सहाणेवर दोन्ही शाखांची संयुक्त बैठक भरली. मूळ प्रश्नाला चौदा महिने झाले होते. डॉक्टर आता वाडीचे मानद पाहुणे, तेही लाल गाडीवरून आले होते. मी प्रास्ताविक वाचत होतो, तेवढ्यात वेदिका उठली. ही गुरुप्रसादची बायको. पालीजवळच्या शाळेत शिक्षिका आहे, आणि आजवर बैठकीत कधी बोलली नव्हती.

"अण्णा, वही जरा बघू?"

वही सभासदाला पाहण्यास खुली आहे, म्हणून दिली. तिने उभ्याउभ्या पानं उलटली. शाळेत वह्या तपासतात त्या वेगाने.

"एकशे बारा पानं," ती म्हणाली. "यात तात्यांचं मत आहे, मुंबईचं आहे, गोदाकाकींचं चार ठिकाणी आहे. टेम्पोचंसुद्धा आहे. यांचं मत कुठल्या पानावर आहे?"

मी सांगितलं की अर्जदाराने प्रश्न विचारला होता. उत्तर देणं मंडळाचं काम.

"अवांतर, अवांतर, अवांतर," तिने तीन पानांवर बोट ठेवून दाखवलं. मग तिने वही मिटली आणि नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्हाला कुठची हवी?"

हा प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हता. मी तसं म्हणणारही होतो, पण गुरुप्रसाद बोलायला लागला.

"लाल," तो म्हणाला. "बारावीला व्हतो तेव्हा पालीच्या नाक्यावर बघितलेली. येक मानूस लाल गाडी घेऊन आला नि थांबला. मला इचारलान, आंजर्ल्याला रस्ता कुठचा. मी सांगितला. तो गेला. मी तिथंच उभा. येसटी आली नि गेली, माझा ध्यान नाय. जहाजावर नऊ वर्षं त्या आवाजाचीच आठवन काढली. दोन वर्षांमागं रत्नागिरीत डाक्टरांच्या दारात ताडपत्री उडाली नि मला नंबर दिसला. तीच गाडी. निळी मी नुस्ती सांगायला सांगितली. दोन असल्या तर इचारायला बरा वाटता."

डॉक्टर उभे राहिले होते. "आंजर्ल्याला गणपतीला चाललो होतो. लग्न ठरत नव्हतं म्हणून," ते हळूच म्हणाले. "तो शाळकरी पोरगा तू? रस्ता चुकीचा सांगितला होतास. मी कोल्हापूरला पोचलो."

"मी गाडीकडं बघत व्हतो," गुरुप्रसाद म्हणाला.

भागोजीतात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आरं मग आधी नाय का बोललास?"

यावर गुरुप्रसादने आधी तात्यांकडे पाहिलं, मग माझ्या वहीकडे. मला वाईट वाटलं. ही गोष्ट मी वहीत लिहिलेली नाही, इथे सांगतो.

डॉक्टर पार गोंधळले होते. एका बाजूला पुन्हा आवडू लागलेली गाडी, दुसऱ्या बाजूला चौदा वर्षं तिची वाट पाहणारा माणूस. त्यांनी हात जोडले आणि आमच्या वाडीत इतके रविवार जेवलेला माणूस जे करील तेच केलं. "तात्या," ते म्हणाले, "तुम्ही वडीलधारे. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

मी लेखणी उचलली. विषय क्रमांक आठ असं लिहिलंसुद्धा. मुंबईकडून ओमकारचा हात वर झाला होता आणि गोदाकाकी घसा साफ करत होत्या. एवढ्यात वेदिकाने आपला तळवा माझ्या वहीवर ठेवला. बांगड्यांसकट.

"डॉक्टर," ती म्हणाली, "देताय का?"

डॉक्टरांनी गुरुप्रसादकडे पाहिलं. "देतो. पण रविवारी जेवायला येणार."

चावी दिली गेली. हे सगळं चार सेकंदांत झालं. चार सेकंदांत निर्णय घेण्याची तरतूद आमच्या घटनेत नाही, त्यामुळे तो निर्णय झालेला नाही, ही माझी भूमिका तेव्हाही होती आणि आजही आहे. वहीत विषय क्रमांक सात प्रलंबित आहे. लाल गाडी रोज सकाळी सहाणेसमोरून मिरकरवाड्याला जाते, संध्याकाळी येते, वेदिका पदर खोचून मागे बसलेली असते, आणि मंडळाच्या दप्तरी त्या गाडीचं अस्तित्व नाही. तात्या दर मंगळवारी तपासणीच्या निमित्ताने पालीपर्यंत बसून जातात. परवा गोदाकाकींनी मांडीवर गॅसची टाकी धरून आणली. मी तिकडे पाहिलं नाही.

आता राहता राहिली मुंबई. मुंबई शाखेचं म्हणणं असं की, निर्णय चुकीचा झाला असून, या प्रकरणी त्रयस्थांची मतं मागवावीत. म्हणून हा वृत्तान्त मी छापायला दिला आहे. जुनी की नवी, एवढंच कळवावं. कारणं देण्याची गरज नाही.

तुमचं मत तयार आहे, हे मला ठाऊक आहे. दोन गाड्यांची नावं निघाली तेव्हाच ते तयार व्हायला लागलं होतं. लोखंड आणि एबीएस ऐकून पक्कं झालं, आणि तार थेट की कॉम्प्युटरमार्फत, इथे तुम्ही बाजूही घेतलीत. गाडी तुमची नाही, चालवायची तुम्हाला नाही, तरी चर्चेत तुम्ही मनापासून भाग घेतलात, याबद्दल मंडळ आभारी आहे. फक्त एक गोष्ट नियमानुसार नमूद करतो. 'मला इचाराल तर' असं तो म्हणाला आणि मी पुढे गेलो, तेव्हा 'अहो अण्णा, त्याला विचारा की' असं कोणी म्हटलं असतं, तर मी लेखणी खाली ठेवली असती. तुमच्याकडून तसा आवाज आल्याची नोंद माझ्या वहीत नाही.